धनुर्मासातल्या खुर्च्या

दोन्ही अर्ज मीच लिहिले होते. एक माझा, एक धाकट्या भावाचा. निवड भावाच्या अर्जाची झाली.

बातमीत महत्त्वाचं आधी सांगतात, म्हणून आधी सांगितलं. तपशील असा. बेंगळुरूमधली एक संस्था दर हिवाळ्यात नाट्य आणि नृत्याचा महोत्सव भरवते. त्या वर्षी त्यांनी दिव्यांग आणि न्यूरोडायव्हर्जंट कलाकारांसाठी वेगळा निधी ठेवला. नवं काम उभं करायला पैसे, तालमीला जागा, मदतीला माणसं आणि शेवटी महोत्सवात प्रयोग. भाऊ ऑटिस्टिक आहे. मी लहानपणापासून अडखळत बोलते. नियमाप्रमाणे आम्ही दोघंही पात्र होतो.

माझी नोकरी इंग्रजी वर्तमानपत्राच्या डेस्कवर झाली. डेस्कवर बोलावं लागत नाही, हे ती पत्करण्याचं पहिलं कारण. फोन वाजला की मी पाणी प्यायला उठत असे आणि शेजारचा सहकारी तो उचलत असे. वार्ताहरांच्या मजकुरातून ‘मी’ काढून टाकणं हे माझं रोजचं काम होतं. मी पाहिलं, मला वाटलं, माझ्याशी बोलताना ते म्हणाले. हे सगळं जायचं. उरायची ती बातमी. नोकरी सोडल्यावर मी एक नाट्यप्रयोग लिहिला. मंचावर एक बाई उभी असते आणि तिला एक साधं वाक्य बोलायचं असतं. शब्द जिथं अडकेल तिथं अडकू द्यायचा. तो सुटेपर्यंत कोणी काही करायचं नाही. प्रेक्षकांनी वाट बघायची. एवढाच प्रयोग होता आणि तो मी स्वतः करणार होते.

भावाचा प्रयोग खुर्च्यांचा होता. आमच्या मामेभावाचं जे. पी. नगरला शामियान्याचं दुकान आहे. लग्नामुंजीला मांडव, भांडी, खुर्च्या भाड्यानं देतात. भाऊ तिथं काम करतो. कार्य संपलं की कल्याण मंटपात, म्हणजे मंगल कार्यालयात, जाऊन लोखंडी खुर्च्या घडी करून टेम्पोत चढवणं हे त्याचं काम. पण नोकरीच्या कितीतरी आधीपासून तो हे करत आलेला आहे. लहानपणी लग्नात जेवणाची दुसरी पंगत बसायच्या आत तो खुर्च्या मिटायला लागायचा. एकदा नवरीच्या मामासमोर जाऊन उभा राहिला. काही बोलला नाही, हात लावला नाही, नुसता उभा. शेवटी मामा उठले आणि त्यानं खुर्ची घडी केली. ही गोष्ट आई अनेक वर्षं डोळ्यांत पाणी आणून सांगायची. निवड झाल्यापासून ती तीच गोष्ट पाहुण्यांना हसत सांगते.

प्रयोग हाच होता. प्रेक्षक खुर्च्यांवर बसलेले. तो येतो, एकेका माणसासमोर उभा राहतो, माणूस उठला की खुर्ची घडी करून भिंतीला लावतो. शेवटी सगळे उभे आणि हॉल रिकामा. अर्ज लिहायला बसलो तेव्हा तो बोलत होता आणि मी टाइप करत होते. चहा गार व्हायच्या आत अर्ज लिहून झाला. प्रयोग कधी करता येईल, या रकान्यात त्यानं सांगितलं, ‘‘धनुर्मासात लग्नं नसतात. सगळ्या खुर्च्या दुकानात असतात.’’ मी तेच लिहिलं. माझा अर्ज मी कित्येक दिवस लिहीत होते.

मुलाखती व्हिडिओ कॉलवर झाल्या, कन्नडमध्ये. समोर तिघं होते. ‘‘सावकाश सांगा,’’ त्यांच्यातले वयानं मोठे होते ते म्हणाले, ‘‘आम्हाला घाई नाही.’’ मी सांगायला लागले आणि ‘प्रेक्षक’ या शब्दावर अडकले. हा शब्द दोन्ही भाषांत एकच आहे.

‘‘प्र...’’

‘‘प्रयोग?’’ एकीनं विचारलं.

मी मान हलवली. नाही.

‘‘प्रवास,’’ ते मोठे गृहस्थ समाधानानं म्हणाले. ‘‘तुमचा प्रवास.’’

तोपर्यंत मी थकले होते. हो म्हणाले. नंतरचा सगळा वेळ त्यांनी माझ्या प्रवासाबद्दल विचारलं. माझ्या प्रयोगात प्रवास नव्हता. बाई जागची हलत नव्हती.

भावाच्या मुलाखतीला मी मदतनीस म्हणून शेजारी बसले होते. त्याला विचारलं, हे काम का करायचंय?

‘‘कार्यक्रम संपतो. लोक बसून राहतात. खुर्च्या उघड्या राहतात.’’

‘‘आणि त्याचा तुम्हाला त्रास होतो?’’

‘‘खुर्च्यांना होतो.’’

तिघांनीही काहीतरी लिहून घेतलं. आमच्याकडून काय मदत लागेल, असं विचारल्यावर तो म्हणाला, ‘‘तुम्ही बसलाय ती फिरणारी आहे. तिची घडी होत नाही. तसली आणू नका.’’ मग उठला, कॅमेऱ्याच्या बाहेर गेला आणि स्वतःची खुर्ची मिटली. खट् आवाज ऐकून पलीकडे तिघांनी टाळ्या वाजवल्या. मी रिकाम्या चौकटीच्या कडेला अर्धी दिसत होते.

निकाल आला तेव्हा मी एचएसआर लेआउटहून जे. पी. नगरला आईकडे निघाले होते, ऑटोत. माझ्या ईमेलमध्ये लिहिलं होतं की लेखन चांगलं आहे, पण काम अजून शरीरात उतरलेलं दिसत नाही. अडकलेला शब्द शरीरात कुठं असतो हे त्यांनी विचारलं असतं तर मी बोट ठेवून दाखवलं असतं. जबड्याच्या खाली, डाव्या बाजूला. भावाची ईमेल माझ्याच फोनवर आली, कारण त्याच्या अर्जात पत्ता मी माझा दिला होता. ती मी दोनदा वाचली. मला हेवा वाटला. वाईट वाटलं, निराशा झाली, असे शब्द मी तेव्हा इतरांशी वापरले. ते अचूक नव्हते.

आई दारातच होती. निकाल आज लागणार हे तिला माहीत होतं आणि भावाचं होणार हे तिनं धरूनच ठेवलं होतं. ‘‘आलं ना पत्र? त्याचं नाव पेपरात येईल का गं? तुझी ओळख आहे ना तिथं?’’

‘‘माझंही होतं, आई. माझं न...’’

‘‘नाही झालं, कळलं मला. होईल गं पुढच्या खेपेला. तुझं काय, तू बोलतेस, लिहितेस, तुला काय कमी? आता स्वल्प त्याच्याकडे बघ. त्याला एकट्याला नाही जमायचं ते सगळं.’’

आमची घरं पिढ्यान्‌पिढ्या इथली. घरातल्या मराठीत ‘स्वल्प’ हा शब्द थोडं या अर्थानं सगळीकडे असतो. माझ्या आठवणीत तो या एकाच वाक्यात सगळ्यात जास्त वेळा आलेला आहे. स्वल्प त्याच्याकडे बघ.

भाऊ आत जेवत होता. ‘‘अक्का, झालं का?’’

‘‘तुझं झालं.’’

‘‘सरी,’’ बरं या अर्थानं तो म्हणाला आणि ताक ओतून घेतलं.

काही आठवड्यांनी महोत्सवाच्या निर्मितीचं काम बघणाऱ्या मुलीचा फोन आला. ती पुण्याची. कोरमंगलाच्या एका कंपनीतली नोकरी सोडून या क्षेत्रात आलेली. ‘‘ताई, एक रिक्वेस्ट आहे. दादांच्या पीससाठी ऑडिओ डिस्क्रिप्शन हवंय. तुम्ही डेस्कवर होता ना, सो यू आर परफेक्ट! पेड आहे हं, फुकट नाही मागत.’’

न दिसणाऱ्या प्रेक्षकांच्या कानात छोटं यंत्र असतं. कोणीतरी कोपऱ्यात माइक घेऊन बसतं आणि मंचावर काय चाललं आहे ते सांगत जातं. त्याचे नियम तिनं मला पाठवले. जे दिसतं तेच सांगा. मत देऊ नका. अर्थ लावू नका. स्वतःबद्दल बोलू नका. मला त्यात नवं काही नव्हतं. मी हो म्हणाले. जे माझ्याऐवजी निवडलं गेलं ते कसं बनतं, हे मला जवळून बघायचं होतं.

बोलणार मात्र दुसरी होती. जाहिरातींना आवाज देणारी एक मुलगी आली. वर्णन आधी रेकॉर्ड करून चालणार नव्हतं, कारण कोण माणूस उठायला किती वेळ लावेल याचा नेम नाही. ते तिथंच, त्या क्षणी बोलावं लागणार होतं. पहिल्याच तालमीत भाऊ थांबला.

‘‘हिच्या आवाजात साखर आहे,’’ तो म्हणाला. ‘‘खुर्च्यांना मुंग्या लागतील. अक्का बोलेल.’’

‘‘दादा, ताईंना ते... आय मीन, त्यांना कम्फर्टेबल वाटेल का?’’ पुण्याची मुलगी माझ्याकडे न बघता म्हणाली.

‘‘अक्का कुजबुजते तेव्हा अडत नाही.’’

हे खरं होतं. कुजबुजताना माझे शब्द बहुतेक वेळा सुटे येतात. लहानपणी एका खोलीत झोपायचो तेव्हा मी त्याला कुजबुजून गोष्टी सांगायची. ते त्याच्या लक्षात असेल असं मला वाटलं नव्हतं. आवाज देणाऱ्या मुलीला तिचे पैसे देऊन परत पाठवलं आणि मी माइक घेतला. मला हवा तो मंच त्याला मिळाला होता आणि मला त्याच्या मंचाच्या बाजूला प्लास्टिकची खुर्ची मिळाली.

तालमी कोरमंगलाच्या एका तळघरात होत. वर रेस्टॉरंट होतं. संध्याकाळी खाली फोडणीचा वास उतरायचा आणि भाऊ दर वेळी विचारायचा की वर कुठल्या खुर्च्या आहेत. वर्णन तपासायला बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ येत. जन्मापासून त्यांना दिसत नव्हतं. बोलणं कन्नड, खणखणीत, आणि प्रत्येक गोष्टीवर मत. पहिली पूर्ण तालीम ऐकून त्यांनी कानातलं यंत्र काढलं.

‘‘मेडम, खुर्च्या फार छान दिसल्या. लोखंडी, हिरव्या, कोपऱ्यांना पोचे. एकीचा रबर गेलेला. सगळं दिसलं. एक सांगा, या खुर्च्या आपोआप मिटतात का?’’

‘‘मी मिटतो,’’ भाऊ म्हणाला.

‘‘तुम्ही आहात हे मला माहीत आहे हो. पण बाईंनी काही सांगितलं नाही.’’

मी म्हणाले की मी मुद्दाम वस्तुनिष्ठ राहिले आहे.

‘‘मी रेडिओवर क्रिकेट ऐकत मोठा झालो,’’ ते म्हणाले. ‘‘ते सांगायचे, बॅट्समन पुढे आला, टोपी सावरली, बोलरकडे बघितलं. तुमच्याकडे नुसता चेंडू इकडून तिकडे जातोय. हा मुलगा काळा आहे की गोरा, उंच आहे की बुटका, मला काही कळलेलं नाही. भांडण आहे का तुमचं?’’

‘‘नाही,’’ भाऊ म्हणाला.

पुण्याची मुलगी हसली आणि फोनमध्ये काहीतरी बघायला लागली. मी घरी जाऊन मसुदा काढला. त्यांचं बरोबर होतं. पानंच्या पानं खुर्च्यांचं वर्णन होतं. माणसाबद्दल एकच वाक्य होतं, सुरुवातीला: एक पुरुष आत येतो.

पुढच्या तालमीत मी त्याच्याकडे बघितलं. आयुष्यभर त्याच्याकडे बघण्याचंच काम केलेलं होतं, पण तो रस्त्यात धावेल का, पाहुण्यांसमोर कानांवर हात ठेवेल का, हे ते बघणं होतं. आता वेगळं बघायचं होतं. तो माणसासमोर उभा राहतो तेव्हा त्याच्या चेहऱ्याकडे बघत नाही. खुर्चीच्या मागच्या पायांकडे बघतो. दोन्ही हात मोकळे, बोटं किंचित वाकलेली, खुर्ची हातात यायच्या आधीच तिच्या मापाची झालेली. माणूस हसला तर तो थांबतो. माणूस घाबरला तर अर्धं पाऊल मागे जातो. हे त्याला कोणी शिकवलेलं नव्हतं. माणूस उठला की लगेच खुर्चीला हात लावत नाही. बसलेल्या माणसाची ऊब जायला जेवढा वेळ लागेल तेवढा थांबतो, मग पाठ धरतो, गुडघा बैठकीखाली लावतो, आणि खट्. प्रत्येक खुर्चीचा आवाज वेगळा येतो आणि तो त्या आवाजाप्रमाणे पुढच्या माणसाकडे लवकर किंवा उशिरा जातो. जाणूनबुजून थांबणं आणि नुसतं थांबणं यांतला फरक मला माझ्या प्रयोगात दाखवायचा होता. तो दाखवायला मी एक मोठा परिच्छेद लिहिला होता. त्याला परिच्छेद लागला नाही.

हे सगळं मी वर्णनात घातलं. वर्णन सुधारलं. हेवा वाढला.

निवृत्त गृहस्थ ऐकून म्हणाले, ‘‘आता दिसला. चांगला आहे की हो तुमचा भाऊ.’’

‘‘हो,’’ मी म्हणाले. हा शब्द माझा कधीच अडकत नाही.

प्रयोग धनुर्मासात झाला, त्याच्या म्हणण्याप्रमाणे. दुकानातल्या खुर्च्या टेम्पोनं आल्या. ज्यांना उभं राहता येत नाही त्यांच्या खुर्च्यांना लाल फीत बांधलेली होती. त्या तो सोडून देणार होता. त्या खुर्च्या कामावर आहेत, असं तो म्हणे. मी माझ्या कोपऱ्यात गेले तेव्हा तिथं प्लास्टिकची खुर्ची नव्हती. लोखंडी होती, हिरवी. फीत नव्हती. हॉलवाल्यांनी बदलली असेल असं वाटलं. मी बसले आणि माइक तपासला.

हॉल भरला. आई पहिल्या रांगेत, ठेवणीतली साडी नेसून. मला प्रवासाबद्दल विचारणारे गृहस्थ मधल्या रांगेत होते. मी कुजबुजायला लागले. वर्णन कन्नडमध्ये होतं, इथं मराठीत देते.

‘‘एक उंच, सावळा माणूस आत येतो. केस बारीक कापलेले. शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. तो पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या बाईंसमोर उभा राहतो.’’

ती आई होती. मी म्हातारी बाई म्हणाले, कारण जे दिसतं ते सांगायचं होतं. आई लगेच उठली आणि त्याच्या गालाला हात लावायला गेली. तो अर्धं पाऊल मागे झाला. आई भिंतीशी जाऊन उभी राहिली. मग इतर. एक तरुण फोन संपवेपर्यंत बसून राहिला. एक बाई पिशवी छातीशी धरून उठल्या. निवृत्त गृहस्थ आपल्यासमोर कोणीतरी आहे हे माझ्याकडून ऐकून ऐटीत उठले आणि म्हणाले, ‘‘घ्या.’’ लोक हसले. प्रवासवाले गृहस्थ बराच वेळ उठले नाहीत. त्यांना वाटत असावं की न उठणं हाही एक अर्थ आहे. भाऊ उभा होता, हात मोकळे, नजर मागच्या पायांवर. शेवटी ते उठले. खट्.

हॉल रिकामा होत गेला. लोक चारी भिंतींना. मधे लाल फितीच्या मोजक्या खुर्च्या. माझ्या मसुद्यातलं शेवटचं वाक्य होतं: तो वळतो आणि बाहेर जातो. दिवे जातात.

‘‘तो वळतो,’’ मी कुजबुजले.

तो माझ्याकडे वळला होता. सरळ चालत आला.

‘‘तो कोपऱ्याकडे येतो,’’ मी म्हणाले. ‘‘कोपऱ्यात एका खुर्चीवर एक बाई बसली आहे.’’

तो इतका जवळ होता की त्याला माझी कुजबुज ऐकू येत होती.

‘‘बाई नाही,’’ तो मोठ्यानं म्हणाला. ‘‘अक्का.’’

हा शब्द कन्नडमध्ये आणि आमच्या घरात एकच. सगळ्यांना कळला. हॉल हसला आणि शांत झाला. तो उभा होता, खुर्चीच्या मागच्या पायांकडे बघत. पुढचं वाक्य उघड होतं: तो माझ्यासमोर उभा आहे. मी ‘माझ्या’वर अडकले. शब्द कन्नड होता, अर्थ तोच. जबडा धरला गेला. कुजबुजून उपयोग झाला नाही. असं झालं की मी शब्द बदलते. ही जन्माची सवय आहे, एक शब्द अडला की दुसरा पुढे करायचा. ‘माझ्या’ला दुसरा शब्द नव्हता. बाई म्हणून झालं होतं, आणि ते त्यानं परत केलं होतं. कानात यंत्र लावलेल्यांना फक्त माझा श्वास जात असणार. बाकीच्यांना एक बाई तोंड किंचित उघडं ठेवून बसलेली दिसत होती.

भिंतीशी आई हलली. माझ्या ओठांवरून शब्द ओळखून तिचे ओठ तो धरून तयार होते. ‘‘माझ्या... म्हण गं, माझ्या...’’

‘‘आई, नको,’’ भाऊ मागे न बघता म्हणाला.

भावानं आजवर माझं एकही वाक्य पूर्ण केलेलं नाही. दुसऱ्याचं वाक्य कुठं संपेल याचा त्याला अंदाज येत नाही आणि तो अंदाज बांधायला जात नाही. तो उभा राहिला. कोणी खोकलं नाही. प्रवासवाले गृहस्थ मला समोरच दिसत होते. त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. किती वेळ गेला ते मी सांगू शकत नाही. डेस्कवर असते तर वार्ताहराला विचारलं असतं.

‘‘तो माझ्यासमोर उभा आहे,’’ मी म्हणाले. आवाज कुजबुजीचा राहिला नव्हता. ‘‘मी उठते.’’

मी उठले. तो थांबला, ऊब जाईपर्यंत. मग पाठ धरली, गुडघा लावला. खट्. दिवे गेले.

टाळ्या बराच वेळ चालल्या. नंतर प्रश्नोत्तरं झाली, सगळे उभ्यानंच, कारण बसायला काही नव्हतं. पहिला प्रश्न एका तरुणानं विचारला. शेवटचं ते थांबणं विलक्षण होतं, ते आधीपासून ठरवलेलं होतं का?

भावानं विचार केला. ‘‘खुर्ची ठरवलेली होती. प्लास्टिकची मी बदलली. थांबणं अक्काचं.’’

‘‘त्यांना आधी सांगितलं नव्हतं?’’

‘‘सांगितलं असतं तर ती आधीच उठून उभी राहिली असती.’’

लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. त्याच्यासाठी. त्याच्या प्रामाणिकपणासाठी, असं एका बाईंनी नंतर मला सांगितलं.

पुण्याची मुलगी डोळे पुसत आली. ‘‘ताई! तुमच्या अर्जात होतं ते हेच ना? दॅट सायलेन्स! ओ माय गॉड. नेक्स्ट इयर परत द्या ना प्लीज.’’ तिच्या पाठोपाठ प्रवासवाले गृहस्थ आले. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. ‘‘आता तुमचं काम मला समजलं,’’ ते म्हणाले. ‘‘भावाच्या कामातून तुम्हाला छान धागा मिळाला.’’

‘‘तो धा...’’

‘‘धागा, हो,’’ ते म्हणाले. ‘‘सोडू नका तो.’’

मला म्हणायचं होतं, तो धागा आधीचा आहे, माझ्या अर्जाच्या पहिल्या पानावर होता, तुम्ही तो वाचलाय. ते पुढच्या माणसाकडे गेले. माझा सगळा प्रयोग त्या संध्याकाळी होऊन गेला होता, भरल्या हॉलमध्ये, आणि तो खुर्च्यांच्या प्रयोगाचा शेवट म्हणून झाला होता. आता मी तो कुठंही केला तरी लोकांना भावाच्या खुर्च्या आठवणार होत्या. त्यानं माझं काही घेतलेलं नव्हतं, उलट सगळ्यांसमोर माझं ते माझं म्हणून सांगितलं होतं. त्यामुळं रागावायलाही जागा नव्हती. हेवा होता तसाच राहिला.

बाहेर टेम्पो लागला होता. आई पुढे ड्रायव्हरशेजारी बसून त्याला नवरीच्या मामाची गोष्ट सांगत होती. भाऊ खुर्च्या चढवत होता. मी दोन दिल्या, त्यानं त्या परत काढून नीट लावल्या.

‘‘अक्का,’’ तो म्हणाला, ‘‘तुझ्या प्रयोगात खुर्ची आहे का?’’

‘‘नाही. बाई उभी असते.’’

‘‘सगळा वेळ?’’

‘‘सगळा वेळ.’’

‘‘आणि लोक?’’

‘‘लोक बसलेले. वाट बघत.’’

त्यानं शेवटची खुर्ची आत सरकवली आणि दोरी बांधली. गाठ दोनदा ओढून बघितली.

‘‘मग खुर्च्या लागतील,’’ तो म्हणाला. ‘‘आधी सांग. धनुर्मासातच माग, नाहीतर सगळ्या लग्नाला गेलेल्या असतात.’’